वर, मागे, पुढे, खाली!

रायफलीच्या बोल्टच्या चार हालचाली आणि त्यांच्यावर टांगलेले जीव

तारीख २४ एप्रिल १९१५. बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ, सेंट ज्यूलियन नावाच्या खेड्याच्या आसपास, कॅनडाचे सैनिक खंदकांत उभे होते. दोनच दिवसांपूर्वी, २२ तारखेच्या संध्याकाळी, जर्मनांनी शेजारच्या फ्रेंच फळीवर क्लोरीन वायू सोडला होता आणि ती फळी फुटली होती. आता तोच हिरवट-पिवळा लोट कॅनेडियनांच्या अंगावर आला. नाकातोंडाला ओली फडकी बांधून, खोकत, डोळे चोळत ते उभे राहिले. वायूच्या पाठोपाठ जर्मन पायदळ आले आणि गोळीबार सुरू झाला.

आणि मग एक विलक्षण प्रकार घडू लागला. चार गोळ्या सुटाव्यात, दहा सुटाव्यात, आणि रायफलीचा बोल्ट जागच्या जागी घट्ट रुतून बसावा. हाताने ओढला तर हलेना. शत्रू समोर दिसतो आहे, काडतुसे कमरेला आहेत, नळी शाबूत आहे. पण रिकामी पुंगळी बाहेर निघत नाही, म्हणून नवे काडतूस आत जात नाही! सैनिक रायफलीचा दस्ता जमिनीवर टेकवून बोल्टच्या मुठीवर बुटाच्या टाचेने लाथा मारू लागले. कोणी खंदक खणायच्या अवजाराच्या दांड्याने ठोकू लागले. शेजारी पडलेल्या इंग्रज शिपायाची रायफल ज्याला मिळाली, त्याने स्वतःची फेकून ती उचलली. त्या लढाईतून वाचलेल्या सुमारे ५,००० कॅनेडियन सैनिकांपैकी १,४५२ जणांनी आपली सरकारी रायफल टाकून इंग्रजांची ली-एनफील्ड हाती घेतली होती, असे नंतरच्या मोजणीत आढळले.

टाकलेली रायफल काही भंगार नव्हती. उलट, लांब पल्ल्याच्या नेमबाजीत तिने इंग्लंडमधल्या बिस्लेच्या स्पर्धांत बक्षिसे मिळवली होती. उचललेली रायफल तिच्यापुढे दिसायला ओबडधोबड. मग घोडे अडले कुठे? ते अडले बोल्टच्या चार हालचालींत. मूठ वर, बोल्ट मागे, बोल्ट पुढे, मूठ खाली. शाळा-कॉलेजात एन.सी.सी. केलेल्या कोणालाही हा क्रम झोपेतही आठवेल. पण या चार हालचालींपैकी कोणती कोणत्या क्षणी काय काम करते, यावर गेली पावणेदोनशे वर्षे कारागिरांनी डोकी झिजवली आहेत. त्याचीच ही हकीकत.

दाराची कडी

बोल्ट म्हणजे मुळात दाराची कडी. कडी सरकवून दांडी खाली वळवली की दार बंद, दांडी वर करून ओढली की दार उघडे. गंमत अशी की ही कल्पना बंदुकीत आणणारा योहान निकोलाउस फोन ड्रायझे हा जर्मन गृहस्थ कुलपे बनवणाऱ्याचाच मुलगा होता. त्याच्या आधीच्या बंदुका तोंडाकडून भराव्या लागत. दारू ओता, गोळी घाला, गजाने ठासा. आणि हे सारे उभे राहून. ड्रायझेने नळीचे मागचे तोंड उघडले आणि तिथे कडी बसवली. कडीच्या पोटात एक लांब सुई होती. चाप ओढला की सुई कागदी काडतुसात घुसून आतल्या टोपीवर आपटे. म्हणून तिचे नाव ‘सुईची बंदूक’. प्रशियाने ती १८४१ मध्ये स्वीकारली.

तिच्यात खोडी पुष्कळ होत्या. सुई दारूच्या जाळात सापडे, ती जळे, मोडे. सांध्यातून गरम वायू फुसकन तोंडावर येई. पण ३ जुलै १८६६ रोजी सादोवाच्या लढाईत प्रशियन शिपाई जमिनीवर आडवे पडून बंदूक भरत होते आणि तोंडाने भरायच्या बंदुका घेतलेले ऑस्ट्रियन उभे राहून भरता भरता मरत होते. त्या दिवसानंतर युरोपातल्या प्रत्येक सेनापतीला कडीची बंदूक हवीशी झाली.

पुढे पितळी पुंगळीचे काडतूस आले, धूर न करणारी दारू आली, काडतुसांची पेटी म्हणजे मॅगझिन आले. सुईची फायरिंग पिन झाली. बोल्टला पोलादाचे दोन कान फुटले. मूठ खाली वळवली की हे कान रायफलीच्या सांगाड्यातल्या खाचांत अडकतात आणि दार बंद होते. हे दार साधे नव्हे. ३०३ चे काडतूस उडते तेव्हा आत चौरस इंचाला अठरा-एकोणीस टन दाब निर्माण होतो. तो दाब आणि शिपायाचा चेहरा यांच्यामध्ये उभे असतात ते हेच दोन कान.

स्प्रिंग दाबायची केव्हा?

फायरिंग पिनमागे एक दणकट स्प्रिंग असते. ती दाबून, अडकवून ठेवावी लागते. चाप ओढला की ती सुटते आणि पिन टोपीवर आदळते. आता प्रश्न असा की ही स्प्रिंग चार हालचालींपैकी कोणत्या हालचालीत दाबायची? मूठ वर करताना, की बोल्ट पुढे ढकलताना? प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण यावरून रायफलींची दोन घराणी पडली.

पहिले घराणे मॉझरचे. नेकार नदीकाठच्या ओबेर्नडोर्फ गावचे पॉल आणि विल्हेल्म हे मॉझर बंधू. विल्हेल्म १८८२ मध्ये वारला आणि पॉलने एकट्याने काम पुढे नेले. त्याची १८९८ ची रायफल म्हणजे या विद्येचे शिखर मानतात. तिच्यात मूठ वर उचलतानाच बोल्टमधली तिरपी चढण फायरिंग पिनला मागे रेटते आणि स्प्रिंग दाबली जाते. बोल्ट मागे ओढेपर्यंत रायफल अर्धी तयार झालेली असते. पुढे ढकलताना फक्त काडतूस आत सारायचे. पुढच्या बाजूला दोन मोठे कान, आणि ते दगा देतील तर मागे तिसरा राखीव कान. टोपी फुटून वायू मागे आलाच तर तो बाजूला निघून जावा म्हणून भोके. सारे काही जर्मन शिस्तीचे! अमेरिकेने १९०३ साली आपली स्प्रिंगफील्ड रायफल काढली तेव्हा तिच्यात मॉझरची इतकी उचल होती की अमेरिकन सरकारला मॉझर कंपनीला दोन लाख डॉलर स्वामित्वधन मोजावे लागले.

दुसरे घराणे जेम्स पॅरिस ली याचे. स्कॉटलंडमधल्या हॉइक गावी १८३१ मध्ये जन्मलेला हा मुलगा आईबापांबरोबर कॅनडात गेला आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाला. त्याच्या बोल्टला एनफील्डच्या सरकारी कारखान्याची नळी जोडून १८९५ मध्ये ली-एनफील्ड रायफल झाली. एनफील्ड हे नाव आपल्याकडे १८५७ च्या काडतुसांमुळे अजरामर झाले आहे. पण ती बंदूक तोंडाने भरायची, ही निराळी. लीच्या रायफलीत मूठ वर उचलताना स्प्रिंग दाबली जात नाही. मूठ हलकीच वर जाते, बोल्ट सहज मागे येतो. स्प्रिंग दाबली जाते ती बोल्ट पुढे ढकलताना, शेवटच्या इंचभर प्रवासात. नव्या माणसाला तिथे हाताला एकदम अडथळा लागतो. बोल्ट पुढे जाता जाता कोणी तरी पलीकडून रेटतो आहे असे वाटते.

कागदावर पाहिले तर मॉझरची रीत नेटकी. पण रणांगणावर पाहा. बार उडाल्यावर पितळी पुंगळी फुगून नळीच्या घरात चिकटलेली असते; ती सुटायची असते मूठ वर उचलतानाच. म्हणजे मॉझरमध्ये पुंगळी सोडवणे आणि स्प्रिंग दाबणे ही दोन्ही जड कामे एकाच हालचालीवर पडली. रायफल तापली, घरात धूळ गेली, की मूठ उचलता उचलेना. मग शिपाई रायफल खांद्यावरून खाली घेतो आणि नेम मोडतो. लीने कामाची वाटणी केली. उचलताना पुंगळी सोडवायची, ढकलताना स्प्रिंग दाबायची. ढकलण्यात तळहाताचा आणि खांद्याचा सगळा जोर मिळतो. उचलण्यात तो मिळत नाही.

त्यात आणखी दोन सोयी. मॉझरची मूठ काटकोनातून, म्हणजे ९० अंशांतून फिरते. लीची सुमारे ६० अंशांतच. मॉझरचे कान बोल्टच्या पुढच्या टोकाला, लीचे मागच्या बाजूला. त्यामुळे लीचा बोल्ट मागेपुढे थोडा कमी सरकवावा लागतो. मूठही चापाच्या अगदी जवळ वाकवलेली. आणि मॅगझिनमध्ये मॉझरच्या पाच काडतुसांऐवजी दहा! पहिल्या महायुद्धाआधीच्या इंग्रज पलटणीत प्रत्येक शिपायाला ३०० यार्डांवर मिनिटाला नेम धरून पंधरा गोळ्या झाडायची कसोटी द्यावी लागे. २३ ऑगस्ट १९१४ रोजी मॉन्सच्या लढाईत हा मारा ऐकून जर्मनांना समोर मशिनगनांची रांग आहे असे वाटले, ही गोष्ट इंग्रज लेखकांनी फार रंगवली आहे. तिच्यातला रंग बाजूला ठेवला तरी पंधरा गोळ्यांची कसोटी खरी होती. आणि इंग्रजांना आपली रीत इतकी पटली होती की पुढे त्यांनी अमेरिकेत ‘पॅटर्न १९१४’ ही रायफल बनवून घेतली तेव्हा कान, आकडा सारे मॉझरच्या वळणाचे ठेवले, पण स्प्रिंग मात्र लीच्या पद्धतीने, ढकलतानाच दाबायची!

पहिला हिसका

पुंगळी चिकटते असे वर म्हटले. ती सुटते कशी, तेही पाहण्यासारखे आहे. घट्ट बसलेल्या बाटलीचे बूच सरळ ओढले तर हात दुखतो. किंचित पिळून ओढले की सहज निघते. बोल्टमध्ये हेच केलेले असते. मूठ वर फिरता फिरता शेवटी तिचा बुंधा सांगाड्याच्या एका तिरप्या कडेवर चढतो आणि सारा बोल्ट केसभर मागे सरकतो. केसभरच, पण त्यामागे तरफेची प्रचंड ताकद असते. बोल्टच्या तोंडाशी असलेला आकडा पुंगळीच्या काठाला धरून तिला जागची हलवतो. एकदा हलली की पुढे ओढणे पोराचे काम.

हा पहिला हिसका नेमका कोणत्या क्षणी बसतो यालाच बंदूक-कारागीर बोल्टचे ‘टायमिंग’ म्हणतात. मूठ बोल्टवर बसवताना किंचित मागेपुढे बसली की बुंधा आणि तिरपी कड यांची गाठच पडत नाही, किंवा उशिरा पडते. मग हिसका वाया जातो. रायफल नवी, चकचकीत, आणि थंड असताना काही कळत नाही. चार बार झाल्यावर पुंगळी अडकू लागते आणि मालक काडतुसांना दोष देत बसतो. मूठ वेगळी करून डाखाने जोडलेल्या आधुनिक रायफलींतही ही खोड आढळते, आणि जाणता कारागीर ती मूठ सोडवून, केसभर सरकवून पुन्हा जोडून देतो.

दुसरी एक खोड मूठ अर्धवट मिटल्याची. घाईत मूठ पूर्ण खाली गेली नाही आणि चाप ओढला, तर चांगल्या रायफलीत पिन सुटते, पण वाटेत बोल्टच्या तिरप्या चढणीवर आपटते. स्प्रिंगची निम्मी ताकद मूठ खाली ढकलण्यात खर्च होते आणि टोपीवर नुसती टिचकी बसते. बार उडत नाही. शिपाई चिडतो, पण त्याने खरे तर रायफलीचे आभार मानायला हवेत. कान खाचेत बसलेले नसताना बार उडाला असता तर काय झाले असते? त्याचे उत्तर कॅनडाच्या हकीकतीत आहे.

सर चार्ल्स रॉसची रायफल

बोअर युद्धाच्या वेळी कॅनडाला इंग्लंडकडून ली-एनफील्ड रायफली हव्या होत्या. त्या मिळेनात, आणि कॅनडात बनवायला परवानगीही मिळेना. त्या वेळी सर चार्ल्स रॉस नावाचा स्कॉटिश जमीनदार पुढे आला. श्रीमंत, हुशार, नेमबाजीचा षौकी. त्याने अशी रायफल काढली होती की चार हालचालींच्या जागी दोनच! मूठ फिरवायचीच नाही. सरळ मागे ओढा, सरळ पुढे ढकला. बोल्टच्या आत स्क्रूसारखे आटे कापलेले; ओढले की बोल्टचे डोके आपोआप फिरून कान सुटतात, ढकलले की आपोआप अडकतात. कॅनडाने १९०३ मध्ये ती स्वीकारली आणि क्वेबेक शहरी कारखाना निघाला.

कल्पना मोठी मोहक, आणि स्पर्धेच्या मैदानावर तिचे चीजही झाले. पण तिच्यात तीन दोष दडलेले होते.

पहिला दोष सरळ ओढीचा. मूठ फिरत नाही म्हणजे तो बूच पिळण्याचा हिसकाही जवळजवळ नाहीच. पुंगळी चिकटली तर ती नुसत्या मनगटाच्या जोरावर ओढून काढायची. त्यातून रॉसच्या नळीचे घर अचूकपणासाठी तंग ठेवलेले, आणि युद्धात घाईघाईने बनलेली इंग्रजी काडतुसे मापाला थोडी सैल. ली-एनफील्ड ती निमूट गिळी. रॉसच्या घशात ती अडकत.

दुसरा दोष त्याहून सूक्ष्म. बोल्ट मागे ओढल्यावर तो बाहेर पडू नये म्हणून एक अडणी असते. १९१० च्या नमुन्यात बोल्टच्या कानांवर स्क्रूसारखे आटे कापलेले होते, आणि दर वेळी बोल्ट मागे आला की त्यातला डाव्या बाजूचा मागचा आटा त्या लहानशा अडणीवर आपटे. पोलाद पुरेसे कडक नव्हते. जोरजोराने शेकडो वेळा आपटून त्या आट्याची कड दबे, वाकडी होई. मग तो खाचेत शिरताना अडे. म्हणजे शिपाई जितक्या तातडीने बोल्ट ओढी, तितकी रायफल बिघडे. आणि अडकली म्हणून लाथ मारली, की आणखी बिघडे! हा दोष सापडला, अडणी मोठी केली, कानांचे पोलाद कडक केले. पण तोपर्यंत ईप्र होऊन गेले होते.

तिसरा दोष सर्वांत भयंकर. सफाईसाठी बोल्ट सुटा करून पुन्हा जोडताना त्याचे डोके चुकीच्या दिशेने फिरवून बसवता येत असे. असा बोल्ट रायफलीत जाई, पूर्ण पुढे जाई, वरून पाहता दार बंद दिसे. पण आत कान अडकलेलेच नसत. आणि तरीही चाप ओढला की बार उडे. मग पोलादाचा तो दांडा सुसाट मागे शिपायाच्या तोंडावर येई. पुढे एक खिळा ठोकून ही चूक अशक्य करण्यात आली. पण ज्या अवजाराचे सुटे भाग चुकीचे जोडले तरी ते बरोबर दिसते, ते अवजार दमलेल्या, भिजलेल्या, अंधारात चाचपडणाऱ्या माणसाच्या हाती देणे हा गुन्हाच नव्हे काय?

दोष आधीपासून कानावर येत होतेच. कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांनी सुरुवातीच्या रॉस रायफली घेतल्या आणि अपघात होताच वापरातून काढल्या. पण संरक्षणमंत्री सर सॅम ह्यूज यांनी या रायफलीशी स्वतःची अब्रू बांधून घेतली होती. टीका झाली की ते काडतुसांना दोष देत, सेनापतींना दोष देत. कॅनडाच्या पहिल्या डिव्हिजनचे सेनापती आल्डरसन यांनी जून १९१५ मध्ये आपल्या शिपायांना ली-एनफील्ड देवविल्या. ह्यूजसाहेबांनी त्यांच्याशी वैर धरले. अखेर १९१६ मध्ये सेनापती हेग यांच्या शब्दावर सगळ्या कॅनेडियन तुकड्यांतून रॉस गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ह्यूजना मंत्रिपद सोडावे लागले, आणि १९१७ मध्ये सरकारने क्वेबेकचा कारखाना ताब्यात घेतला.

एवढे होऊनही एका वर्गाने रॉस सोडली नाही. ते म्हणजे लपून एकेक नेम टिपणारे निशाणबाज. ओजिब्वा आदिवासी जमातीचा फ्रान्सिस पेगहमगाबो हा त्या युद्धातला नामांकित कॅनेडियन निशाणबाज रॉसच वापरी. स्वतः निवडलेली काडतुसे, रोजची सफाई, तासाला एखादी गोळी. अशा हातात ती रायफल सोन्यासारखी वागली. रायफल तीच, दोष तेच. फरक पडला तो चिखलाचा आणि घाईचा.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावी. ईप्रच्या त्याच लढाईत, २६ एप्रिलला, आपली लाहोर डिव्हिजन उतरली होती. जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्याच दिवसाचा. १८५७ नंतर हिंदी पलटणींना गोऱ्यांपेक्षा जुनी शस्त्रे द्यायची असे इंग्रजांचे धोरण होते. पण सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदी फौज मार्सेय बंदरात उतरली तेव्हा युद्धाच्या गरजेने ते धोरण गुंडाळावे लागले आणि शिपायांच्या जुन्या रायफली बदलून नव्या ली-एनफील्ड देण्यात आल्या. नवी रायफल हाती घेऊन काही आठवड्यांतच ते खंदकात गेले.

चाप ओढल्यानंतर

आतापर्यंत हाताच्या हालचाली पाहिल्या. आता त्याहून बारीक हिशेब. चाप ओढला आणि गोळी सुटली, असे आपण म्हणतो. पण या दोहोंच्या मध्ये काळ जातो. एका सेकंदाचे हजार भाग करा. चापाने सोडलेली पिन टोपीवर आदळायला जुन्या लष्करी रायफलीत असे पाच किंवा अधिक भाग लागतात. आधुनिक रायफलीत तीन किंवा त्याहून कमी. मग दारू पेटते आणि गोळी नळीतून बाहेर पडायला आणखी एक-दीड भाग. तेवढ्यात काय होणार, असे वाटेल. पण माणूस दगड नव्हे. त्याचा श्वास चालतो, छातीचे ठोके दस्त्याला जाणवतात, नळीचे टोक अखंड डुलत असते. शिवाय जड पिन धाडकन पुढे सुटल्याचा धक्काही रायफलीला बसतो. म्हणून कारागीर पिन हलकी करतात, तिचा प्रवास आखूड करतात, स्प्रिंग कडक करतात.

ऑलिंपिकमधली ५० मीटरची रायफल आजही एकेक गोळी भरून झाडण्याची, हाताने बोल्ट चालवायचीच असते. तिची .२२ ची गोळी मंद, त्यामुळे नळीत अधिक काळ राहणारी. म्हणून चाप ओढल्यावरही क्षणभर तसेच स्थिर राहा, असे नेमबाजीचे गुरू पहिल्या दिवसापासून बजावतात. हा धडा कोल्हापूरच्या मातीने चांगला गिरवला आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले, आणि स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक. गुडघ्यावर बसून, पोटावर पडून आणि उभे राहून, अशा तिन्ही आसनांत बोल्ट चालवताना अंग हलू न देणे ही मोठी तपश्चर्या आहे.

कधी कधी काळाचा घोटाळा उलटाही होतो. टोपी ओलसर किंवा जुनी असली तर पिन आदळूनही बार लगेच उडत नाही. थोडे थांबून उडतो. म्हणून ‘फुसका गेला’ असे वाटले तरी बोल्ट तत्काळ उघडू नये, नळी चांदमारीच्या दिशेनेच धरून अर्धा मिनिट थांबावे, असा चांदमारीवरचा दंडक आहे. उघडलेल्या दारातून उडालेला बार माणसाची हातातोंडाशी गाठ घालून देतो.

आणि आता या विषयातली सर्वांत नवलाची गोष्ट. लीचे कान मागच्या बाजूला, हा तिचा दोष मानला जातो. बार उडाला की कान आणि काडतूस यांच्यामधला सारा बोल्ट दाबाखाली किंचित आखडतो, सांगाडा किंचित ताणतो, आणि नळी आघात केलेल्या लोखंडी कांबीसारखी थरथरते. नियमाने पाहता अशी रायफल अचूक नसावी. पण बिस्लेच्या मैदानावर अनुभव असा की जवळच्या पल्ल्याला मॉझरच्या वळणाची ‘पॅटर्न १९१४’ सरस, आणि ९००-१००० यार्डांवर मात्र ली-एनफील्ड बाजी मारी! कारण त्या थरथरीतच होते. गोळी सुटते त्या क्षणी नळीचे टोक वर जात असते. एखाद्या काडतुसाची दारू जरा जोरकस असली तर गोळी लवकर सुटते, टोक तेव्हा थोडे खाली असते. दारू मंद असली तर गोळी उशिरा सुटते, तोवर टोक आणखी वर गेलेले असते. म्हणजे मंद गोळीला आपोआप उंच नेम मिळतो, आणि हजार यार्ड जाईपर्यंत दोघी एकाच उंचीवर येतात. योजून करायला गेले तर जमले नसते, असा हा दोषातून निघालेला गुण.

वाघापुढे

शिकाऱ्यांचा हिशेब आणखी निराळा. त्यांना मिनिटाला पंधरा गोळ्या नकोत. दुसरी गोळी हमखास हवी. मॉझरचा लांब, रुंद आकडा मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची कड तिथल्या तिथे पकडतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही. रायफल उलटी असो की तिरकी, काडतूस निसटत नाही. घाबरलेल्या माणसाने बोल्ट अर्धा ढकलून पुन्हा मागे ओढला तरी धरलेले काडतूस बाहेर येते. दोन काडतुसे एकमेकांत अडकण्याचा प्रसंग टळतो. म्हणून हिंस्र श्वापदांचे शिकारी आजही मॉझरचे नाव घेतात.

जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल मिळालेली .२७५ रिग्बी ही मॉझर पद्धतीचीच रायफल. ११ एप्रिल १९३० रोजी चौगढची वाघीण त्यांना अवघ्या काही फुटांवर अचानक दिसली, तेव्हा त्यांच्या डाव्या हातात रानातून उचललेली पक्ष्याची अंडी होती! हलकी .२७५ उजव्या हातात. तिची नळी त्यांनी इंचाइंचाने वळवली आणि एका हाताने बार काढला. पहिली गोळी चुकती तर अंडी टाकून, दुसरा हात मोकळा करून बोल्ट ओढायला वेळ मिळाला असता काय, याचा विचार वाचकांनीच करावा.

आपली थ्री-नॉट-थ्री

ली-एनफील्ड इंग्रजांबरोबर आली, पण ती गेली नाही. कलकत्त्याजवळच्या इच्छापूरच्या कारखान्यात ती बनू लागली आणि आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तिची काडतुसे. कुतच्या वेढ्यात उपाशी राहून लढलेल्या मराठा पलटणींच्या खांद्यावर ली-एनफील्डच होती. मेसोपोटेमियाची धूळ काय किंवा फ्लँडर्सचा चिखल काय, सैल मापाची ही रायफल दोन्ही पचवीत असे.

पण प्रत्येक गुणाला काळाची मर्यादा असते. १९६२ मध्ये नामका चू नदीच्या काठी आपले जवान हीच रायफल घेऊन उभे होते आणि समोरच्या चिन्यांच्या हाती आपोआप भरणाऱ्या बंदुका होत्या. तिथे एकेका गोळीला चार हालचाली करणाऱ्या माणसाचा हात कितीही चपळ असला तरी पुरा पडणारा नव्हता. त्यानंतर सैन्याला स्वयंभरण रायफल मिळाली. इच्छापूरने तरीही लीचा बोल्ट सोडला नाही, ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसासाठी अधिक कणखर पोलादाची, बारा काडतुसांच्या मॅगझिनची रायफल त्याने काढली. तीच पुढे वर्षानुवर्षे पोलिसांच्या खांद्यावर दिसली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन अतिरेकी एके-४७ घेऊन शिरले, तेव्हा तिथल्या काही पोलिसांच्या हाती ३०३ होती. एके-४७ मिनिटाला सहाशेच्या वेगाने गोळ्या ओकते. ज्यांनी तशाही स्थितीत ३०३ खांद्याला लावली, त्यांच्या छातीचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण त्यांच्या हाती ती कोणी आणि का राहू दिली, हा प्रश्न छातीच्या कौतुकाने मिटत नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या प्रजासत्ताकदिनी संचलन करून ३०३ ला निरोप दिला. म्हणजे लीचा बोल्ट एनफील्डच्या नळीला जोडल्याला तेव्हा सव्वाशे वर्षे झाली होती.

शस्त्राची कथा सांगताना त्याचे गोडवे गाण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा, कारण प्रत्येक गोळीच्या पुढच्या टोकालाही एक माणूस असतो. पण ईप्रच्या खंदकात रायफलीला लाथा मारणाऱ्या त्या पोरांची आठवण मात्र, अवजार कोणतेही असो, ते बनवणाऱ्याने, विकत घेणाऱ्याने आणि त्याची तरफदारी करणाऱ्या मंत्र्याने ठेवावी. स्वच्छ मैदानावर, शांत हाताने, निवडक काडतुसे घालून केलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हे. चिखलात लोळवा, उन्हात तापवा, घाबरलेल्या आणि झोप न मिळालेल्या माणसाच्या हाती द्या, तो चुकीचे जोडतो का ते पाहा. मग सही करा. १,४५२ सैनिकांनी आपला निकाल कागदावर लिहून दिला नाही. हातातली रायफल टाकून दुसरी उचलली, हाच त्यांचा निकाल होता, आणि राजधानीत तो वाचला जायला सव्वा वर्षाहून अधिक काळ लागला.